दहापैकी किती

मंगळ, ४ फेब्रु.
कमलला दवाखान्यातून घरी आणून आज चौथा दिवस. (रोज पूर्ण नाव लिहायला फुरसत नाही. यापुढं क.) मणक्यातल्या गाठीचं आता काही करण्यासारखं राहिलेलं नाही, असं डॉक्टर सरळ म्हणाले. दुखणं आवरायचं, एवढंच काम उरलंय. मॉर्फीनची गोळी दर चार तासांनी. नर्स रझिया आठवड्यातून दोनदा येऊन बघणार, मधे फोन करणार. दुखण्याचा आकडा मी रोज लिहायचा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सोसण्यापलीकडं. आकडा सहा किंवा वर गेला तर जादा अर्धी गोळी द्यायची. सोबत एक कार्ड दिलंय, त्यावर सहा तोंडं काढलेली. पहिलं हसरं, शेवटचं रडणारं.
दवाखान्यात क.नं चौथ्या-पाचव्या तोंडाच्या मधे बोट ठेवलं होतं, म्हणजे सातच्या आसपास.
मला निदान काहीतरी करायला मिळालं. ग्राफचे कागद आणले. चौतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, आता एकाच माणसाचं.

गुरु, ६ फेब्रु.
कार्ड पलंगाच्या दांडीला सुतळीनं बांधलं होतं. क. म्हणाली, बालवाडीत बसवल्यासारखं वाटतंय. मलाही ते ध्यान आवडत नव्हतंच. घरात एक प्रोफेसर, एक मास्तरीण. आम्हाला काय चित्रं लागतात? काढून कपाटात टाकलं. आता सकाळ-संध्याकाळ नुसतं विचारतो, दहापैकी किती? ती सांगते. काल सहा, सहा. आज सहा, पाच. सहा आला की नेमानं जादा अर्धी दिली.
विचारताना माझा आवाज तोंडी परीक्षा घेतल्यासारखा लागतो म्हणे. लागू दे.

रवि, ९ फेब्रु.
वर्षाचा पुण्याहून फोन. आईची सरासरी काढता का बाबा, म्हणाली. पोरगी माझी, आणि हा प्रश्न! तिला सगळं परत शिकवलं फोनवर. सिटी बसचा नंबर म्हणजे नुसतं नाव. त्यांची सरासरी काढून कुठल्या स्टॉपवर उतरशील? वर्गातला पहिला, दुसरा, तिसरा म्हणजे क्रम. कोण पुढं ते कळतं, किती पुढं ते कळत नाही. तापमानात अंतरं सारखी असतात, पण वीस डिग्री म्हणजे दहाच्या दुप्पट गरम नव्हे. दुप्पट म्हणायचं तर वजनासारखं पाहिजे, ज्याचा शून्य खरोखरचा शून्य असतो. आईचं दुखणं क्रमात बसतं. सहा म्हणजे तीनच्या दुप्पट नाही. म्हणून मध्यांक काढायचा, सगळे आकडे ओळीनं लावून मधला घ्यायचा. मध्यमान, म्हणजे तुझी ती सरासरी, नाही.
ती म्हणाली, बरं बाबा, मधला किती?
पाच.
क. अंथरुणातून ऐकत होती. म्हणाली, तुमचा तास संपला असेल तर पाणी द्या.

शुक्र, १४ फेब्रु.
मध्यांक पाच. काल पाच, परवा पाच. हलत नाही मेला.
क.ला आज पोळी नको, भाकरीही नको. भाताची पेज. तिळाची चटणी मागितली, चाटून ठेवून दिली.

मंगळ, १८ फेब्रु.
न राहवून मध्यमान काढलं. मागचा आठवडा ५.४, हा ४.९. खाली येतंय!
चूक आहे, मला ठाऊक आहे. क्रमाच्या आकड्यांचं मध्यमान काढलेलं पेपरात दिसलं असतं तर आख्ख्या उत्तरावर रेघ मारली असती. पण मध्यांक ढिम्म बसून राहतो आणि मध्यमान हलतं. माणसाला हलणारं काहीतरी पाहिजे. ग्राफवर रेघ ओढली. उतरती रेघ. चहा घेता घेता दोनदा बघितली.
मधेच एखाद दिवस आकडा एकानं वाढतो. तेव्हा माझं तोंड पडतं, ते क.च्या लक्षात येतं. आवरायला पाहिजे.

गुरु, २० फेब्रु.
ग्राफ घेऊन डॉक्टरांकडं. आज सकाळी चार. ते खूश. म्हणाले, सर, तुमच्यासारखा रेकॉर्ड इथं कुणी आणत नाही. क.ला ग्लानी असते, पोट साफ होत नाही, हे मी सांगितलंच होतं. आकडेही उतरताहेत, तेव्हा गोळी निम्मी करून बघू, म्हणाले. उद्यापासून अर्धी-अर्धी.
रिक्षातून येताना छाती फुगली होती. लिहितोय कारण खरं आहे.
वर्षाला सांगितलं, आई सुधारतेय. ती फोनवर रडली. पौर्णिमेनंतर रजा टाकून येते म्हणाली.

सोम, २४ फेब्रु.
क.नं विचारलं, गोळी अर्धीच का? म्हटलं, आकडा खाली आलाय ना, छान चाललंय. ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, बरं.
दुपारी तिनं कपाटातल्या साड्या काढायला लावल्या. हिरवी पैठणी वर्षाला, जांभळी धाकट्या बहिणीला. भिंतीवरचा तिच्या बिडकीनच्या शाळेचा फोटो उतरवून उशाशी ठेवायला सांगितला. मी चिडलो. आकडे सुधारताहेत आणि तुझ्या ह्या वाटण्या काय चालल्यात, म्हटलं. ती नुसतं फोटोतल्या पोरांवरून बोट फिरवत बसली.
संध्या. तीन.

गुरु, २७ फेब्रु.
रझिया आली. ही गुणी बाई. पेशंटशी मराठी, फोनवर घरच्यांशी दखनी, माझ्याशी दोन्ही. क.ला कुशीवर वळवून पाठ पुसली. बाहेर येऊन हळूच म्हणाली, सर, बाईंचा चेहरा मला ठीक दिसत नाय, लई ओढलाय. मी ग्राफ पुढं केला. सहावरून तीनवर. तिनं कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, गप्प झाली. आकडा पुढं ठेवला की माणसं गप्प होतात, हे मी चौतीस वर्षं बघत आलोय.
जाताना एवढंच म्हणाली, पलंगाची दांडी इतकी घट्ट का धरतात बाई?
अशक्तपणा, म्हटलं.

शनि, १ मार्च
सहाव्या दिवशी नळाला पाणी. टाकी, पिंप, हंडे, सगळं भरून घेण्यात सकाळ गेली. खाली येऊन बघतो तर क.च्या उशीच्या अभ्र्याचं टोक ओलंगच्च आणि चावून चावून फाटलेलं. काय गं हे? म्हणाली, सवय.
किती?
दोन.
दोन! आजवरचा सगळ्यात कमी. रव्याचा शिरा केला, वेलदोडा घालून. तिनं एक चमचा खाल्ला, बाकीचा मी. वर्षाला फोन केला, तिलाही सांगितलं. आज घरात सणासारखं वाटलं.

सोम, ३ मार्च
हे लिहायला हात होत नाही. पण आज लिहिलं नाही तर उद्या स्वतःला काहीतरी वेगळं सांगेन.
रझिया अकराला आली. तिचे रोजे सुरू झालेत, म्हणून चहाचं विचारलं नाही. मी ग्राफ उघडून बसलेलो. क.पुढंच तिला म्हणालो, परवा दोन आला, काल-आजही दोनच, असंच चाललं तर महिनाअखेर शून्य.
क. डोळे मिटून होती. तशीच म्हणाली, "शून्य मी कुणाला देत नसते."
रझियानं तिच्याजवळ बसून विचारलं, "बाई, शून्य म्हंजे चांगलं ना?"
"शून्य चांगलं कसं असंल? दहापैकी ना?"
पंखा चालू होता.
मग रझियानं विचारलं, "सर, कार्ड कुठाय?" कपाटातून काढलं. सुतळी तशीच होती त्याला. तिनं ते क.च्या डोळ्यांसमोर धरलं. क.नं डोळे उघडले, सगळी तोंडं नीट बघितली, पोराची वही बघावी तशी, आणि शेवटच्या रडणाऱ्या तोंडावर बोट टेकवलं. बोट उचललं नाही.
मार्क देत होती ती. एकतीस वर्षं शाळेत दिले तसे. दिवस बरा गेला की सहा, वाईट गेला की तीन. मीच विचारत होतो ना, दहापैकी किती.
रझिया व्हरांड्यात जाऊन डॉक्टरांशी फोनवर बोलत होती. मी पलंगाशी उभा. क.ला म्हटलं, अगं, एवढं दुखत होतं तर बोलली का नाहीस? गोळी कमी केली तेव्हा तरी!
ती म्हणाली, "मला वाटलं, आता उपयोग नाही म्हणून बंद करत आणताय. तुम्ही माझ्यापासून लपवत होता, हसत होता, शिरा करत होता. मग मी कशाला विचारून तुम्हाला रडवू?"

मंगळ, ४ मार्च
काल इंजेक्शन. आजपासून गोळी पूर्ण, वर रोज इंजेक्शन.
क.नं नोकरीभर कुणाला शून्य दिला नाही, कुणाला दहा दिले नाहीत. दहा दिले की पोर अभ्यास सोडतं, शून्य दिला की शाळा सोडतं, असं तिचं. पार रिकामी वही आली तरी नाव नीट लिहिलं म्हणून दोन. म्हणजे तिचा दोन हाच शून्य. हे मला ठाऊक होतं! बिडकीनहून एसटीनं ती वह्यांचे गठ्ठे घरी आणायची, बेरजा मीच करून द्यायचो. दोन, दोन, दोन बघून मीच चिडवायचो तिला, तुझ्या वर्गात कुणी नापास तरी नीट होतं का म्हणून.
आणि तिनं मला तीन दिवस ओळीनं दोन दिले, आणि मी शिरा केला.
पोरांना पहिल्याच तासाला सांगायचो, आकडा घ्यायच्या आधी विचारा, हा कुठून कुठं मोजलाय, शून्य कुठं आहे. फळ्यावर लिहायचो. खाली दोन रेघा मारायचो.

बुध, ५ मार्च
सगळे आकडे उलटे केले. दहातून वजा. सहाचा चार, तीनचा सात, दोनचा आठ. नवीन कागदावर रेघ काढली. चढते. वीस तारखेनंतर, गोळी निम्मी केल्यापासून, जिना चढावा तशी.
जादा अर्धी गोळी दिलेले दिवस तपासले. सगळे तिचे चांगले दिवस. बऱ्या दिवशी जादा, वाईट दिवशी निम्मी. दुश्मनानं ठरवून केलं असतं तर यापेक्षा नेमकं जमलं नसतं.
क.ला विचारलं, चांगल्या दिवशी जादा गोळी का देतो, असा प्रश्न नाही पडला? ती म्हणाली, वाटलं, डॉक्टरांचं काहीतरी असंल.
मग थोड्या वेळानं स्वतःहून बोलली. सगळे मार्क खरे नव्हते. तुम्ही दिवसभर राबता, धुणं, भांडी, माझं सगळं. म्हणून कधी कधी एक मार्क ग्रेस द्यायची, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. पण एक वाढवला की तुमचं तोंड पडायचं. मला वाटलं, माझं खोटं पकडलं. मग सोडून दिलं.
कुठल्या कुठल्या दिवशी ग्रेस? तिला आठवत नाही.
म्हणजे उलटी काढलेली रेघसुद्धा खरी नाही. कुठला चार खरा, कुठला वाढवलेला, कोण सांगणार? क्रमही उरला नाही. बसच्या नंबरांसारखी नुसती नावं उरली, आणि मी त्यांचं दशांशापर्यंत मध्यमान काढत होतो. दोन्ही कागद टेबलावर पडलेत. फाडावेत असंही वाटत नाही.

शुक्र, ७ मार्च
डॉक्टर घरी येऊन गेले. भला माणूस, पण मी विचारल्यावर लपवलं नाही. म्हणाले, दुखणं एकदा चढू दिलं की उतरवायला फार औषध लागतं, आणि तेवढं औषध माणसाला जागं ठेवत नाही. गोळी निम्मी करायचं त्यांनीच ठरवलं होतं, असंही म्हणाले. पण कशावरून ठरवलं? माझ्या कागदावरून. त्यांनी क.ला बघितलंच नव्हतं त्या दिवशी, मी रेघ घेऊन गेलो होतो.
क. आता वीस-वीस तास झोपते. जागी असते तेव्हाही अर्धी इथं नसते. दहा दिवस ती पूर्ण जागी होती, बोलू शकत होती, आणि ते दहा दिवस मी तिला उशी चावत घालवायला लावले.
रझिया म्हणते, गलती तिचीही आहे. फोनवर ती नुसता नंबर विचारायची, कार्ड दाखवलं का ते कधी विचारलं नाही. चांगुलपणा आहे तिचा. पण कार्ड कपाटात टाकलं ते मी. बालवाडीचं चित्र म्हणून. प्रोफेसर ना मी!

शनि, ८ मार्च
वर्षाचा फोन. आज आकडा किती बाबा?
मी म्हटलं, आता विचारत नाही.
का?
झोपते गं ती, म्हटलं. ती म्हणाली, बरंय, आराम पडलाय म्हणजे. मी हो म्हटलं.
फोन ठेवला तर क. जागी. सगळं ऐकलेलं. मला जवळ बोलावून म्हणाली, "वर्षाला सांगू नका."
मी म्हटलं, सांगणार. पौर्णिमेनंतर येईल तेव्हा समोर बसवून सांगणार.
"नका सांगू. मी गेल्यावर तिला बाप लागंल."
मला रडू आलं. ती थोपटत राहिली. कोण कुणाला थोपटतंय, काय चाललंय या घरात.

सोम, १० मार्च
पहाटेपासून क.चा श्वास जड. रझियानं बघून इंजेक्शनचं माप वाढवून घेतलं. आता दोन बोटं क.च्या कपाळावर ठेवते, आठ्या पडल्यात का बघते, मुठी बघते, दांडी धरली आहे का बघते. आकडा लिहीत नाही. मलाही तसंच करायला शिकवलं. आठ्या नाहीत, मुठी सैल, दांडी सोडलेली, असं असलं तर ठीक समजायचं. एवढं सोपं होतं. समोर होतं. मी कागदाकडं बघत होतो.
कॉलेजातल्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, तब्येत विचारायला. सर, तुम्ही शिकवलेलं अजून आठवतं, म्हणाला. मी फोन ठेवून दिला.

मंगळ, ११ मार्च
कार्ड परत दांडीला बांधलं. ती डोळे उघडेल तेव्हा दाखवायचं. दिवसभरात एकदाच उघडले. कार्डावरून नजर पुढं गेली, खिडकीवर थांबली. काय बघितलं कळलं नाही.
शाळेचा फोटो उशाशी आहे. तिसऱ्या ओळीतलं एक पोरगं हललं म्हणून धूसर आलंय. त्याला किती दिले असतील हिनं? दोन तर नक्कीच.

बुध, १२ मार्च
सकाळी चांगली जाग आली तिला. तोंड धुतलं, दोन चमचे पेज घेतली. केस विंचरून दिले. परवा वर्षा येणार, म्हटलं. व्हय की, म्हणाली. स्पष्ट.
कार्ड पंख्याच्या वाऱ्यानं उलटं झालं होतं, मागची कोरी बाजू पुढं. ते सरळ करायच्या आधी, सवयीनं, माझ्या तोंडून गेलं, किती?
ती लगेच म्हणाली, "पाच."
मी थांबलो. पुढं विचारणार होतो, मार्क की दुखणं? कार्डाप्रमाणं की शाळेप्रमाणं? मग लक्षात आलं, पाच. दहातून वजा केले तरी पाच. वरून मोजा, खालून मोजा.
मुद्दाम म्हणाली का? बेरजा मी करून द्यायचो, पण तिलाही येतात. की मला ग्रेस दिला? की खरंच मधलं काहीतरी आहे, अर्धं दुखतंय, अर्धं नाही? तिच्याकडं बघितलं. ओठ जरा हलले. हसली असेल. कळ आली असेल. कपाळावर दोन बोटं ठेवली, तर एक आठी होती, पण ती तिच्या कपाळावर लग्नाच्या आधीपासून आहे.
आता डोळे मिटलेत. डावा हात दांडीवर आहे. धरलीय की नुसता ठेवलाय, दोनदा वाकून बघितलं.
पावणेदोन झाले. दोनची गोळी मी पाण्यात विरघळवून ठेवलीय, पूर्ण.